बुरशी धुवायची कुणी, गळती काढायची कुणी?

पाऊस हटत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरलीय. म्हणून आज बाथरूममधल्या बुरशीवर बोलू या.

आमच्या गटातल्या चौघींनी मुलींच्या कॉलेजसाठी तालुक्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. बाथरूमला वीतभर खिडकी, तीही गंजून बसलेली. आषाढात कोपऱ्यात काळे ठिपके दिसले, पंधरा दिवसांत छतापर्यंत गेले. एका मुलीला दमा आहे. खोकून खोकून तिला रात्रीची झोप लागेना. ती म्हणायला लागली, कॉलेज सोडून घरी येते. घरमालक म्हणाले, "मुली साफसफाई करत नाहीत." आम्हीही मुलींनाच बोललो. तिथे आमचं चुकलं.

बुरशी वाढते ती ओलीमुळे. कितीही घासा, ओल राहिली की ती परत येते. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

एका रविवारी आम्ही चौघी गेलो. दमा असलेल्या मुलीला बाहेर बसवलं. नाकातोंडाला कापड, हातात रबरी मोजे. कोरडं खरवडलं नाही, कारण त्याने बुरशी हवेत उडते. साबणाच्या पाण्याने ब्रशने घासलं, धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं. ब्लीच वापरायचं असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात घाला, आणि दार उघडं ठेवा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ब्लीचमध्ये फरशीचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

मग खिडकीला तेल घालून ती उघडली. मुलींना सांगितलं, अंघोळीनंतर भिंती पुसा, ओले कपडे आत वाळत घालू नका. कोपऱ्यातले ठिपके थांबले. पण नळामागचा डाग दहा दिवसांत परत आला. तिथली भिंत पुसून प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होते. म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. वरच्या मजल्याचा पाईप गळत होता. वरून रंग मारून हे झाकत नाही. काही दिवसांत रंगाचे पापुद्रे सुटतात.

पुसणं आपलं काम, पण पाईप दुरुस्त करणं मालकाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही. म्हणून भाडं कापण्याआधी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत विचारा. बायकांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

आम्ही तारखेसह फोटो काढले, साधं पत्र लिहिलं, चौघींनी सह्या केल्या आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. पावती जपून ठेवली. नऊ दिवसांनी प्लंबर आला. भाडं कापायची वेळच आली नाही.

मुलीचं औषध चालू आहे. पण कॉलेज सोडायचं ती आता म्हणत नाही. आणि आम्ही चौघींनी मुलींची माफी मागितली, बरं का. तुमच्या मुलीही भाड्याच्या खोलीत असतील, तर या रविवारी जा आणि नळामागची भिंत हात लावून बघा.