दोन जाळ्यांमधले दार



पूर्वी मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज अशा दोन लोहमार्गांची गाठ पडत असे. मुंबईहून आलेला डबा औरंगाबादच्या रुळांवर चढत नसे. हमालांनी पोती या वाघिणीतून त्या वाघिणीत टाकली, म्हणजे मग माल पुढे जाई. संगणकांच्या जगातही एके काळी असेच एक मनमाड उभे करावे लागले. त्याची हकीकत आज सांगतो.

मोठ्या कंपन्यांपाशी मेनफ्रेम नावाचे अवाढव्य संगणक होते. हिशेब, पगार, मालाच्या नोंदी, सारे त्यांच्यावर चाले. असे संगणक जोडण्याची एस.एन.ए. नावाची पद्धत आय.बी.एम. कंपनीने १९७४ साली जाहीर केली. तिची घडण एकत्र कुटुंबासारखी. मधोमध कर्ता संगणक, आणि बाकीची यंत्रे त्याच्या आज्ञेत. याखेरीज व्हीनेट नावाचे कंपनीचे स्वतःचे घरगुती जाळे होतेच. १९८१ साली न्यूयॉर्कमधील एक विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांनी त्याच धर्तीवर बिटनेट सुरू केले. त्याचा नियम मोठा गमतीचा! नव्याने येणाऱ्याने जवळच्या सभासदापर्यंत तार भाड्याने घ्यायची, आणि पुढच्या नवख्याला आपल्या दारी जागा द्यायची.

दुसरीकडे अमेरिकी सरकारच्या पैशाने १९६९ साली अर्पानेट सुरू झाले होते. १ जानेवारी १९८३ पासून त्याने टी.सी.पी./आय.पी. हे नियम स्वीकारले. इथे कर्ता कोणीच नाही. संदेशाचे तुकडे करायचे, ज्या वाटेने जातील त्या वाटेने पाठवायचे आणि मुक्कामी पुन्हा जुळवायचे. यातूनच आजचे इंटरनेट वाढले.

आता ही दोन जाळी जोडायची कशी? पहिली अडचण अक्षरांचीच. इंटरनेटकडच्या बहुतेक यंत्रांत इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, तर आय.बी.एम.च्या मेनफ्रेममध्ये तोच १९३! म्हणून मध्ये एक दुभाषी यंत्र बसवावे लागले. त्याला गेटवे म्हणतात. पण हा दुभाषीही कधी चुके. विशेषतः चौकोनी कंस वाटेतच बदलून जात, आणि पाठवलेला प्रोग्रॅम पलीकडे चालेनासा होई. पत्ताही दुहेरी लिहावा लागे. आपण पाकिटावर 'अमुक यांचेमार्फत' लिहितो ना, अगदी तसा.

पण खरी अडचण पुढेच होती. दार उघडले की पाहुणा येतो, तसा चोरही येतो.

डिसेंबर १९८७ मधली गोष्ट ऐका. जर्मनीतल्या क्लाउस्थाल येथील एका विद्यार्थ्याने नाताळचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की पडद्यावर नाताळचे झाड दिसे. पण तेवढ्यात तो तुमच्या ओळखीच्यांची यादी वाची आणि त्या सर्वांना गुपचूप स्वतःची प्रत धाडी! युरोपातल्या विद्यापीठांच्या जाळ्यातून तो बिटनेटवर आला आणि तिथून व्हीनेटमध्ये शिरला. प्रतींवर प्रती निघाल्या आणि कामाची वाहतूक तुंबली. त्याने कोणाची फाईल पुसली नव्हती. तरी आय.बी.एम.सारख्या कंपनीचे जाळे त्याने जेरीस आणले.

लोक फसले कसे? संदेश ओळखीच्या माणसाकडून आला होता, म्हणून.

दार कायमचे बंद करणे हा यावर उपाय नव्हता. आय.बी.एम.ने स्वतःच मेनफ्रेमसाठी टी.सी.पी./आय.पी.ची सोय केली. कंपन्यांनी दारे उघडी ठेवली, पण दारावर फायरवॉल नावाचे पहारेकरी नेमले. कोण आला, कुठून आला, कशासाठी आला, हे पाहूनच आत सोडायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमचा पगार जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर येतो. बँकेचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये आजही असेच पहाऱ्याचे दार असते. बँक आपले दार सांभाळील, पण आपल्या हातातले दार कोणी सांभाळायचे? म्हणून वर्गात मुलांना ती नाताळच्या झाडाची गोष्ट जरूर सांगा. निरोप ओळखीच्या नावाने आला, एवढ्यावरून तो त्या माणसानेच धाडला असे होत नाही. शंका आली तर आधी त्याला विचारा, मग उघडा.

गावाला वेशीही हवी आणि रस्ताही हवा. नुसत्या वेशीने गाव कोंडते आणि नुसत्या रस्त्याने उघडे पडते.