तेल खाणारे जिवाणू आणि वरवरची वखरणी



कापसाच्या भावाचे सोडून आज आम्ही आफ्रिकेतल्या दलदलीविषयी बोलणार आहोत. चुळबुळ करू नका, गोष्ट आपल्याच बांधाला येऊन लागते.

नायजेरियात नायजर नदीच्या मुखाजवळ ओगोनी लोकांचा मुलूख आहे. खाडीत मासे आणि खारफुटी, वरच्या अंगाला कसाव्यासारख्या कंदांची शेती. तिथे शेल कंपनीने अनेक वर्षे खनिज तेल काढले. लोक उठले तेव्हा, १९९३ मध्ये, कंपनीला उत्पादन थांबवावे लागले. १९९५ मध्ये लष्करी सरकारने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिली. तेलाच्या नळवाहिन्या मात्र जमिनीत राहिल्या, आणि गळत राहिल्या.

आता हे तेल साफ कसे करायचे? तेल खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. पण नुसते तेल खाऊन त्यांचे अंग भरत नाही. नत्र लागते, स्फुरद लागते, श्वासाला हवा लागते. न कुजलेली ज्वारीची धसकटे रानात गाडली की पुढचे पीक पिवळे पडते, हे आपण पाहतोच. धसकटे खाणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात. तेलाचे तेच. म्हणून तेल सांडलेल्या जागी खत द्यायचे. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाज फुटले तेव्हा किनाऱ्यावर खत टाकले, आणि तेल लवकर विरले. पण गोट्यांखाली जिथे हवा पोचली नाही तिथे ते वीस वर्षांनंतरही सापडले.

दलदलीत अडचण हवेचीच. चिखलात हवा बोटभरही खाली जात नाही. तिथे झाड कामाला येते. लव्हाळा, पाणकणीस, खारफुटी यांच्या अंगात पोकळ्या असतात, भाताच्या रोपात असतात तशा. त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवती जिवाणू पोसतात. झाड तेल पिऊन टाकते असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्या, खाणारे जिवाणूच. आणि तेलाचा जाड थर बसला तर खारफुटीची श्वासमुळेच गुदमरतात. आधी तेल उपसायचे, मग लागवड.

ओगोनीलँडमध्ये कंपनीने काय केले? वरची माती उलथली, खत टाकले, आणि काम झाले म्हणून दफ्तरी लिहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने खोलवर तपासले आणि २०११ मध्ये अहवाल दिला. काही ठिकाणी तेल पाच मीटरच्याही खाली गेलेले. काम पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या १५ जागा तपासल्या, त्यांपैकी १० जागी प्रदूषण मर्यादेपेक्षा जास्त. एका वस्तीत लोक पीत होते त्या विहिरीच्या पाण्यात बेंझीन हे विष आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट!

त्याच नदीखोऱ्यातले शेतकरी २००८ मध्ये नेदरलँड्सच्या कोर्टात गेले. २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२२ च्या अखेरीस दीड कोटी युरोवर तडजोड झाली. तोवर मूळ फिर्यादींपैकी काही जण वारले होते.

आम्ही जिवाणूंच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण केले, तेही दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर. चांगले तंत्र आहे, पण तंत्राच्या नावाखाली वरवरची वखरणी नको.

आपल्या राज्यातही मुंबईहून मनमाडकडे पेट्रोल-डिझेलची नळवाहिनी शेतांखालून जाते. १९६२ च्या कायद्याने जमीन आपल्या नावावर राहते, कंपनीला वापराचा हक्क मिळतो. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, वर झालेल्या नुकसानीची भरपाई. त्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, झाड लावायचे नाही.

उद्या तिथे गळती झाली तर? आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. डिझेल त्यांतून सरळ खाली उतरेल. पाऊस पडला की माती फुगून भेगा मिटतील, हवा बंद, आणि खालचे जिवाणू उपाशी. वरून रान हिरवे दिसेल, साहेब फोटो काढतील. म्हणून सही करण्याआधी आपल्यासमोर मातीचे नमुने घ्यायला लावा, एक हात, दोन हात, थेट मुरमापर्यंत. शेजारच्या विहिरीचे पाणीही तपासायला लावा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. पंचनाम्यावर प्रत्येक नमुन्याची खोली लिहिलेली असली पाहिजे. ती नसेल तर पेन खिशात ठेवा.