गाणी घेऊन उत्तरेला आलात, या!

आमच्या निमंत्रणाला मान देऊन आलेले सामी पाहुणे, उद्याच्या स्पर्धेत गाणारे कलावंत, आणि ओस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन, हेलसिंकीपासून थेट पुण्या-नागपुरातून इथवर पोहोचलेल्या रसिकहो, स्वागत समितीच्या वतीनं मी तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत करते.

नॉर्वेतलं ट्रोम्सो हे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला सुमारे ३५० किलोमीटरवर वसलेलं शहर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवतच नाही. नंतर उगवला तरी डोंगर आडवे येतात, त्यामुळे शहराला त्याचं दर्शन होतं साधारण २१ जानेवारीला. त्या दिवशी सकाळपासून बेकऱ्यांपुढे रांगा लागतात. आत जॅम भरलेले, तळलेले गोल बन घेऊन लोक कचेरीत जातात आणि शाळेतली मुलं मैदानावर दक्षिणेकडे तोंड करून उभी राहतात. तुम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलात, म्हणजे सूर्याच्या मागोमागच आलात. दिवस अजून लहान आहे, पण रोज आठ-दहा मिनिटांनी वाढतोय.

मराठी गाण्यांच्या या संमेलनासाठी हाच आठवडा का निवडला, असं अनेकांनी पत्रातून विचारलं. जूनमध्ये मध्यरात्रीचा सूर्य असतो, प्रवास सोपा असतो, मुलांना सुट्ट्या असतात. हे सगळं खरं. पण ६ फेब्रुवारी हा इथल्या मूळनिवासी सामी लोकांचा राष्ट्रीय दिन आहे. १९१७ साली याच तारखेला त्रोनहाइम शहरातल्या एका चर्चमध्ये नॉर्वे आणि स्वीडनमधले शंभराहून अधिक सामी एकत्र जमले. त्यांना जमवण्यात पुढाकार होता एल्सा लाउला रेनबर्ग या बाईंचा. त्या सुईण होत्या, रेनडिअर पाळणाऱ्या घरातल्या होत्या आणि सामींच्या जमिनीच्या हक्कांवर त्यांनी १९०४ मध्येच पुस्तिका लिहिली होती. चार दिवस ते लोक रेनडिअरच्या कुरणांवर आणि मुलांच्या शाळांवर बोलत राहिले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे सामी एका छपराखाली बसून आपल्या प्रश्नांवर बोलले, असं हे पहिलं संमेलन. भाषेच्या नावानं जमणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या तारखेला इथे असावं, असं समितीला वाटलं.

या आठवड्यात बाहेर पडाल तर स्टोरगाता या मुख्य रस्त्यावर ट्रकांनी बर्फ आणून टाकलेला दिसेल. तिथे रेनडिअरच्या शर्यती होतात. जनावराच्या मागे दोराला धरून, स्कीवर ओणवा झालेला माणूस दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून सुसाट जातो. खुरांचा आवाज येईपर्यंत जनावर पुढे गेलेलं असतं. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावर गाक्ती हा सामी पोशाख असतो. त्याच्या काठाच्या फितींवरून आणि टोपीच्या घडणीवरून जाणकार माणूस सांगतो की ही बाई आतल्या भागातल्या काउतोकेइनोची आणि ती किनाऱ्याकडची.

हे आज मुख्य रस्त्यावर मिरवता येतं. पूर्वी येत नव्हतं. १८९८ च्या सरकारी आदेशानं शाळेत सामी भाषेचा वापर अगदी अडेल तेवढाच उरला. १९०२ च्या कायद्यानं सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणं आवश्यक केलं. त्याआधीच मिशनऱ्यांनी सामींचे नगारे जाळले होते, आणि योइक हे त्यांचं गाणं कित्येक धर्मनिष्ठ घरांत पाप ठरलं होतं. पुढे तर काही शाळांतूनही त्याला मज्जाव होता. नॉर्वेच्या संसदेनं या सगळ्याबद्दल औपचारिक माफी मागितली ती १२ नोव्हेंबर २०२४ रोजी. म्हणजे अगदी काल-परवा.

आता गाण्याच्या स्पर्धेकडे येते, कारण आपलं संमेलन त्यासाठीच आहे.

पण आधी एका जुन्या गाण्याची गोष्ट. उत्तर नॉर्वेतल्या आल्टा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचा सरकारचा बेत होता. पहिल्या आराखड्यात मासी हे अख्खं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. १९७९ च्या ऑक्टोबरात काही तरुण सामी ओस्लोला आले, संसदेसमोर त्यांनी आपला तंबू ठोकला आणि उपोषणाला बसले. काही महिन्यांनी, १९८० मध्ये, युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी नॉर्वेनं निवडलं ते ‘सामिइद एदनान’ हे गाणं. त्याचा गायक आणि संगीतकार स्वेर्रे शेल्सबर्ग आपल्या ट्रोम्सोचा, आणि शब्द रागनार ओल्सेनचे. संसदेपुढे बसलेल्या त्या माणसांचा उल्लेख थेट गाण्यात आहे. शेल्सबर्गच्या जोडीला उभा राहिला मातिस हेत्ता, तो त्याच मासीचा. पाण्याखाली जाऊ शकलं असतं त्या गावचा मुलगा गाक्ती घालून हेगच्या मंचावर आला आणि युरोपभरच्या दूरदर्शन संचांसमोर योइक गायला.

त्या काळी युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देशानं आपल्या भाषेतच गायचं, असा नियम होता. कडवी नॉर्वेजियनच्या उत्तरेकडच्या बोलीत होती. शीर्षक तेवढं सामी, आणि मधला योइक नुसत्या स्वरांचा. त्याला कोणत्या भाषेच्या रकान्यात टाकणार? निकाल म्हणाल तर १९ देशांत १६ वा क्रमांक आणि १५ गुण. स्पर्धेच्या इतिहासात हे गाणं अपयशी म्हणून नोंदलं गेलं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक ताई राहतात. त्या लिंगेन फ्योर्डच्या काठच्या, तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरी आजी-आजोबा आपसात सामी बोलायचे, पण नातवंडं खोलीत आली की नॉर्वेजियनवर यायचे. त्या वसंतात ते गाणं सगळीकडे वाजत होतं. मधल्या सुट्टीत नॉर्वेजियन मुलं मैदानावर तो योइक ओरडून ओरडून म्हणत होती, सूर चुकवत. ‘मला तो बरोबर येत होता,’ ताई म्हणाल्या, ‘आजोबांकडून ऐकलेलं होतं ना. पण येतं म्हटलं असतं तर मी कोण ते कळलं असतं.’ त्या गप्प बसल्या. वयाच्या चाळिशीनंतर त्या सामी शिकायला वर्गात जाऊन बसल्या. रसिकहो, स्पर्धेतल्या गाण्याचं काय होतं हे गुणपत्रिकेवरून मोजू नये, असं मी म्हणते ते या ताईंमुळे. ते गाणं हरल्यावर मैदानात पोहोचलं होतं.

गाण्यानं धरण थांबलं नाही. मासी वाचलं, पण धरण झालंच. १९८१ च्या जानेवारीत शेकडो पोलिसांनी बर्फात साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना उचललं. मात्र त्या लढ्यातून १९८७ चा सामी कायदा आला आणि १९८९ मध्ये राजे पाचवे ओलाव यांच्या हस्ते सामी संसदेचं उद्घाटन झालं. या सगळ्याचं श्रेय एका गाण्याला देणं अन्यायाचं होईल. उपोषण करणाऱ्यांचं आणि साखळ्या बांधून बसलेल्यांचं ते श्रेय आहे. पण ज्यांच्या घरापर्यंत आंदोलनाची बातमी पोहोचत नव्हती, त्यांच्या घरात गाणं गेलं, एवढं नक्की.

आमच्या शहराबद्दलही खरं तेच सांगायला हवं. २०११ मध्ये ट्रोम्सोला सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात सामील करण्याचा प्रस्ताव होता. द्विभाषिक पाट्यांवरून वातावरण इतकं तापलं की सामी माणसांना रस्त्यात अपशब्द ऐकावे लागले. निवडणुकीनंतर नव्या नगरपरिषदेनं अर्ज मागे घेतला. पुढे २०१३ मध्ये नगरपालिका आणि सामी संसद यांच्यात सहकार्याचा करार झाला. आज शर्यतीच्या दिवशी महापौर टाळ्या वाजवतात, तेव्हा मला हे दोन्ही आठवतं.

१९९९ मध्ये युरोव्हिजननं भाषेचा नियम काढून टाकला आणि बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. २०१९ मध्ये तेल अवीवला नॉर्वेचं केइनो हे त्रिकूटही इंग्रजीतच गात होतं, पण त्यातला फ्रेड बुलयो मध्येच सामीत योइक गायला. परीक्षक मंडळांनी त्या गाण्याला १८ वं ठेवलं, तर प्रेक्षकांनी २९१ गुण देऊन पहिलं. घराघरांत बसलेल्या, योइकमधलं काही न कळणाऱ्या लोकांना जे भावलं, ते जाणकारांच्या हातून निसटलं. उद्याच्या आपल्या परीक्षकांना माझी नम्र विनंती आहे, हे लक्षात असू द्या.

मोठ्या मंचावर भाषेची सोय लागत नाही म्हटल्यावर लहान भाषांनी आपला मंच उभारला. नेदरलँड्समधल्या फ्रिसियन लोकांनी २००२ मध्ये लिएट इंटरनॅशनल ही फक्त अल्पसंख्य भाषांतल्या नव्या गाण्यांची स्पर्धा सुरू केली. २००८ मध्ये ती स्वीडनच्या उत्तरेला, लुलेओत भरली. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या सोम्बी या सामी रॉक बँडनं ती जिंकली. ब्रेटन, कॉर्सिकन, बास्क आणि सामी गाणारी पोरं एकमेकांच्या मागून मंचावर येतात, आणि तिथे कोणीही ‘इतर’ नसतं.

पण समितीला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते काउतोकेइनोकडून. जेमतेम ३ हजार वस्तीची ती नगरपालिका. ईस्टरला कळप किनाऱ्याकडे न्यायच्या आधी सगळी कुटुंबं गावात असतात, म्हणून लग्नं तेव्हाच, शर्यती तेव्हाच, आणि १९९० पासून सामी ग्रां प्रीही तेव्हाच. या स्पर्धेत दोन विभाग असतात. एक नव्या गाण्यांचा, त्यात गिटार, ड्रम, रॅप, जे हवं ते. दुसरा योइकचा. त्यात माणूस एकटाच येतो, वाद्य नाही, बऱ्याचदा शब्दही नाहीत. योइक ज्याच्यावर बांधला त्याच्या मालकीचा मानतात, बांधणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे मंचावरचा तरुण आजीचा योइक गातो तेव्हा आजी सभागृहात बसलेली असली, तर तिची वस्तू तो तिच्यासमोर मांडत असतो. सुरुवात कुठूनही, शेवटही असा अचानक की नवखा माणूस टाळ्या वाजवायला चुकतो. या दोन विभागांत उच्च-नीच नाही. एकाच रात्री, एकाच मंचावर, एकाच गर्दीपुढे दोन्ही होतात. रॅप ऐकायला आलेली पोरं आजीचा योइक ऐकतात, आणि आजीला रॅप ऐकावाच लागतो.

आपल्या स्पर्धेत यंदा हेच दोन विभाग ठेवले आहेत. पहिल्यात नवं मराठी गाणं, वाद्यांसह. दुसऱ्यात विनावाद्य: जात्यावरची ओवी, गौळण, भारूड, अहिराणी लग्नगीत, मालवणी फुगडीचं गाणं, घरात ऐकलेलं काहीही, पण ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव मंचावर आधी घ्यायचं. हा नियम आम्ही सामींकडून घेतला आहे, हे त्यांच्यासमोरच सांगते.

मराठी आणि सामी यांना एका तागडीत घालायचं धाडस मी करणार नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते, आणि २०२४ मध्ये आपल्याला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. सामीच्या अनेक भाषांतली सगळ्यांत मोठी, उत्तर सामी, बोलणारे २० हजारांच्या आसपास. आपल्या तोंडून कोणी मराठी हिसकावून घेतली नाही. तरी इथे आपली मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नॉर्वेजियनमध्ये उत्तर देतात, आणि आपण ‘समजतं ना, पुरे’ म्हणून पुढे जातो. खालच्या ताईंनी भाषा परत मिळवायला चाळिशी ओलांडली. मला हे आपल्या घरांत व्हायला नको आहे, म्हणून स्पर्धेच्या लहान गटातल्या मुलांची संख्या वाढावी यासाठी समिती गेले काही महिने घरोघरी फोन करत होती.

एक विनंती पाहुण्यांना. तुमच्यातले बरेच जण ध्रुवीय प्रकाश बघायला रात्री बसनं जाल. जरूर जा, आभाळ उघडं असलं तर डोळ्यांचं पारणं फिटेल. पण दुपारी दोन वाजता याच सभागृहात आपल्या सामी पाहुण्यांचा कार्यक्रम आहे, तो चुकवू नका. तुमच्या मुलांनी ‘फ्रोझन’ पाहिला असेल. त्याच्या सुरुवातीचं समूहगान दक्षिण सामी परंपरेतल्या फ्रोदे फ्येल्हाइमचं आहे, आणि दुसऱ्या भागाच्या वेळी डिस्नेनं सामींशी रीतसर करार करून चित्रपट सामीतही आणला. मुलांना आधी एवढं सांगितलंत तर ती कान टवकारून बसतील. गाक्तीतल्या माणसाचा फोटो काढण्याआधी कृपया विचारा.

आता व्यवस्थेचं. रस्त्यावर बर्फाखाली बर्फाचाच गुळगुळीत थर असतो. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत, प्रत्येकानं एकेक जोडी घ्या. दंडाला बांधायच्या चमकत्या पट्ट्याही घ्या, नाहीतर अंधारात गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. रात्रीच्या जेवणाला पिठलं-भाकरी आहे, ओस्लोहून ज्वारीचं पीठ मागवलं आहे. आमच्या सामी मित्रांनी बिदोस हा रेनडिअरच्या मांसाचा रस्साही रांधला आहे. शाकाहारी आणि मांसाहारी पंगती वेगळ्या आहेत, पाट्या मराठीत, नॉर्वेजियनमध्ये आणि उत्तर सामीत लावल्या आहेत. सामी पाटी तपासून दिली ती त्या खालच्या मजल्यावरच्या ताईंनी. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काही उणं-अधिक झालं तर पोटात घाला आणि आम्हाला लगेच सांगा.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला याची मला जाणीव आहे. संमेलनाध्यक्षांना मी विनंती करते की त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घ्यावा.