वर्गणी, पावती आणि प्रयोगशाळा

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं ‘यंदा तुम्ही बोला’ म्हटलं तेव्हा आम्ही जरा चक्रावलोच. आम्ही प्राध्यापक नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि त्यानंतर राज्य शासनाच्या दफ्तरात बिलं, मंजुरी-आदेश आणि नस्त्या. महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या सुनांसाठी सांगतो, इकडे फाईलला नस्ती म्हणतात. तरीही विषय निवडला तो विद्यापीठांतल्या विज्ञान-संशोधनाच्या सरकारी अनुदानाचा. कारण हा पैसा ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर आमच्यासारखेच लोक बसलेले असतात. विज्ञान आम्हाला कळत नसलं, तरी वाट ओळखीची आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमची पुतणी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, एका राज्य विद्यापीठात. तिच्या मार्गदर्शक मॅडमना केंद्राचा प्रकल्प मिळाला आणि त्यात तिची ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून नेमणूक झाली. जानेवारी २०२३ पासून या फेलोशिपचा दर महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाला आहे. घरात पेढे वाटले. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पैसे यायचे थांबले. एक महिना, दोन महिने, असे सात महिने. मेसचे पैसे थकले. पोरगी मानी, घरी काही बोलली नाही. शेवटी एका रात्री फोन आला, “काका, तुम्ही सरकारात आहात ना? मग सांगा, एक उपयोगिता प्रमाणपत्र निघायला किती दिवस लागतात?”

आम्ही गप्प. खरं उत्तर आम्हाला माहीत होतं. मनावर घेतलं तर एक दुपार. नाही घेतलं तर त्याला अंत नाही.

आता हे प्रमाणपत्र काय असतं ते सांगतो. प्राध्यापक प्रस्ताव पाठवतात. त्या विषयातले दुसरे जाणकार तो तपासतात, समिती बसते, मंजुरी-आदेश निघतो. पैसा प्राध्यापकांच्या हातात येत नाही, तो संस्थेकडे येतो, हप्त्याहप्त्यानं आणि मदवार: उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं आणि काचसामान, प्रवास, किरकोळ खर्च. एका मदीचा पैसा दुसरीत परवानगीशिवाय वळवता येत नाही. वर्ष संपलं की संस्थेनं ठरलेल्या नमुन्यात लिहून द्यायचं की इतके मिळाले, इतके ज्या कामासाठी दिले त्याच कामावर खर्च झाले, इतके उरले. हेच उपयोगिता प्रमाणपत्र. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

पुतणीच्या प्रकल्पात घडलं ते एवढंच. साडेचार हजारांची रसायनं किरकोळ खर्चाच्या मदीतून घेतली गेली होती. लेखा शाखेतल्या कुणीतरी त्यावर आक्षेप लिहिला आणि कागद बाजूला ठेवला. आक्षेप बरोबरच होता. पण तो मॅडमना कळवायला हवा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. साडेचार हजारांपायी एका मुलीचे सात महिने गेले. तिचे नमुने शीतपेटीत पडून खराब झाले ते वेगळंच.

हिशेब नकोच, असं आमचं म्हणणं नाही. आपण मराठी माणसं, हिशेबाला आपण कधी कमी लेखलेलं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांनी पैसा दिला तो विश्वासावर, आणि विश्वास टिकतो तो पावतीवर. आपल्या मंडळातही विसर्जनानंतर जमाखर्च वाचला जातो, आणि नारळ इतके महाग कसे लागले, असं विचारणाऱ्या मावशी असतातच. असायलाच हव्यात. संशोधनाचं अनुदान म्हणजे सगळ्या देशाची वर्गणी. आपण काडेपेटी घेतो तेव्हाही त्यात कर भरतो.

पण एक सांगा. मागच्या वर्षीच्या हारांची पावती सापडत नाही म्हणून यंदा मूर्तीच आणायची नाही, असं या मंडळात कधी झालं आहे का? पावती शोधायची, खजिनदाराला चार शब्द सुनवायचे, आणि चतुर्थीला बाप्पा बसवायचाच. तिथी कुणासाठी थांबत नाही. प्रयोगशाळेचंही तसंच असतं.

शिवाय ही वर्गणी मुळात थोडी आहे. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२०-२१ साली देशात संशोधन आणि विकासावर सुमारे १,२७,००० कोटी रुपये खर्च झाले. रक्कम मोठी वाटते, पण ती देशाच्या एकूण उत्पन्नाच्या फक्त ०.६४ टक्के आहे. दक्षिण कोरिया आणि इस्रायल पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. आपल्या या शंभर रुपयांतले विद्यापीठं आणि महाविद्यालयांच्या वाट्याला येतात ८ रुपये ८० पैसे. सगळ्या राज्य सरकारांचा वाटा मिळून ६ रुपये ७० पैसे. देशातली बहुतेक मुलं मात्र शिकतात ती राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत. केंद्रीय संस्थेतल्या मुलाला यंत्र खालच्या मजल्यावर मिळतं. राज्य विद्यापीठातल्या मुलाला नमुने डब्यात घालून रेल्वेनं दुसऱ्या गावी जावं लागतं.

हे दुखणं जाणत्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. डॉ. जयंत नारळीकर आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे मुलाचं बालपण काशीत गेलं. केंब्रिजचं नाव, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली जागा, सगळं हाताशी होतं. तरी १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पुण्याला गणेशखिंडीत आयुका काढली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक होऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून उभारलं. कल्पना साधी होती. प्रत्येक विद्यापीठाला मोठं ग्रंथालय, मोठे संगणक, दुर्बिणी देणं जमणार नाही. मग एका ठिकाणी उत्तम सोय करायची, आणि लहान गावच्या कॉलेजातल्या शिक्षकानंही तिथं यावं, राहावं, काम करावं आणि परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावं. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. ती सोय मात्र चालू आहे.

आपल्या मध्य प्रदेशातही असं एक ठिकाण आहे. इंदूरला, अहिल्याबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या आवारात, यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे. अणुऊर्जा खात्याची महागडी यंत्रं विद्यापीठातल्या संशोधकांना वापरता यावीत म्हणून ते काढलं. तिथं अतिशीत तापमानात पदार्थांची मोजमापं होतात. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस यंत्राचे प्रखर किरणही तिथल्या मंडळींमार्फत वापरायला मिळतात. अणुऊर्जा खात्याचे प्रमुख राहिलेले डॉ. अनिल काकोडकर जन्मले ते आपल्या बडवानीत, आणि शाळा शिकले खरगोनला. आडगावचं मूल कुठवर जातं, याला यापेक्षा दूरचा दाखला शोधायला नको.

म्हणजे योजना वाईट नाहीत. आता राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ साली झाला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटींची कल्पना आहे, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योग व इतर मार्गांनी यायचे. बलवान संस्थेशी राज्य विद्यापीठं जोडण्याची योजनाही त्यात आहे. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. चांगलंच झालं. पण दिल्लीहून नियम सैल झाला, तरी शेवटच्या टेबलावरचा माणूस जागचा हलला नाही तर पैसा तिथंच राहतो. फेब्रुवारीत हप्ता येतो, मार्चअखेर खर्च करा म्हणतात, आणि मग नको ती खुर्ची घेतली जाते, हवं ते रसायन राहून जातं.

आता जरा अवघड भाग. पुतणीचा फोन आला त्या रात्री आम्ही त्या अनोळखी बाबूला मनसोक्त शिव्या घातल्या. काकूही त्यात सामील झाली. दुसऱ्या दिवशी दफ्तरात आमच्याच कपाटातून एक नस्ती निघाली. एका लहानशा संस्थेच्या अनुदानाची होती. आक्षेप आमच्याच अक्षरातला, योग्य, नियमाला धरून. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आणि कळवल्याची नोंद कुठेही नाही. त्या संस्थेत कुणाचा पगार थांबला असेल, कुणी घरी फोन केला असेल, हे आम्हाला कधीच कळणार नाही. त्याच दुपारी पत्र काढलं. वर म्हणालो तसं, एक दुपार पुरली.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. आक्षेप लिहिला त्याच दिवशी तो ज्याचा त्याला कळवायचा. कागदावर नंतर, फोनवर आधी. या सभागृहात आमच्यासारखी दफ्तरातली मंडळी बरीच आहेत. १९५६ साली भोपाळ राजधानी झालं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आपली माणसं इथल्या कचेऱ्यांत आली, तिथून आपल्यातल्या कितीतरी घरांची भोपाळची गोष्ट सुरू होते. तिसऱ्या पिढीपर्यंत आपण टेबलाच्या या बाजूला बसलो. आता आपल्या मुली त्या बाजूला रांगेत उभ्या आहेत.

आणि पालकांना एक विनंती. आपल्या कोटऱ्याच्या शेजारी, नेहरू नगरात विज्ञान भवन आहे. मध्य प्रदेश विज्ञान व प्रौद्योगिकी परिषदेचं ते घर. राज्यातल्या संशोधकांना परिषद प्रकल्पांसाठी मदत देते, तरुण शास्त्रज्ञांचं संमेलन भरवते. त्या रस्त्यानं आपण रोज जातो, पण आत किती जण गेलो? मुलांना घेऊन एकदा जा. आणि घरात कुणी संशोधन करत असेल तर ‘लग्न कधी’ याच्या आधी ‘हप्ता आला का’ हे विचारा.

शेवट बाप्पाच्याच गोष्टीनं करतो. व्यासांनी महाभारत सांगायचं ठरवलं तेव्हा लेखनिक म्हणून गणपती बसला. त्यानं अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आम्हा लेखनिकांसाठी अजून तरी याहून चांगला नियम कुणी केलेला नाही. समजून लिहा, आणि थांबवू नका.

पुतणीचा हप्ता अखेर आला. ती नमुने पुन्हा पहिल्यापासून तयार करते आहे. पुढच्या गणेशोत्सवात तिलाच इथं उभी करू, रसायनशास्त्र ती सांगेल.

गणपती बाप्पा मोरया!