चित्र कुणाचे, माल कुणाचा?

(व्याख्यानाचा मजकूर)



बेंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ या संग्रहालयात २०२५ साली एक आगळे प्रदर्शन भरले होते. त्याचे नाव ‘टिकट, टिका, छाप’. तेथे थोर चित्रकारांची तैलचित्रे नव्हती. होते ते जुन्या कापडाच्या ठाणांवर चिकटवले जाणारे रंगीत कागद. विलायती कापडाच्या व्यापारात अशा कागदाला ‘तिकीट’ म्हणत, बाजारात ‘टिका’ किंवा ‘छाप’. तळहाताएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या या कागदांवर मुरलीधर कृष्ण आहे, कमळावरची लक्ष्मी आहे, अंबारीचा हत्ती आहे, वाघ आहे, आगगाडी आहे आणि इंग्लंडची राणीही आहे. सोनेरी शाईची झळाळी शंभर वर्षांनंतरही ओसरलेली नाही. ज्या कारागिरांनी ही चित्रे रेखाटली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे मात्र आज कुणालाही ठाऊक नाहीत.

अशा प्रदर्शनाकडे कुतूहलाने पाहावे आणि पुढे जावे, ही सर्वसाधारण रीत. परंतु वऱ्हाडच्या माणसाला तेवढ्यावर थांबता येणार नाही. कारण ते चित्र ज्या कापडावर बसले होते, त्या कापडाच्या व्यापाराचे एक टोक मँचेस्टरला असले, तरी दुसरे टोक अमरावती, अकोला, खामगाव आणि कारंजा येथील कापूसबाजारात रुतलेले होते.

प्रथम या चित्रांचे काम काय होते ते पाहिले पाहिजे. शिळाछाप पद्धतीने ती छापली जात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचा आणि रेषेवर रेष तंतोतंत बसवायची. काम कष्टाचे आणि कौशल्याचे होते. व्यापारी कंपन्यांनी त्यावर एवढा पैसा का घालवला? हिंदुस्थानातील गिऱ्हाइकांच्या सौंदर्यदृष्टीविषयी त्यांना ममत्व होते म्हणून नव्हे. कापड विकणारा सात समुद्रांपलीकडे आणि विकत घेणारा बहुसंख्येने निरक्षर. कंपनीचे नाव त्याला वाचता येत नसे. ‘हत्तीछाप द्या’, ‘वाघछाप द्या’ असे मात्र त्याला सांगता येई. चित्र हीच कंपनीची सही होती. म्हणूनच ही चित्रे व्यापारचिन्हे म्हणून नोंदवली जात आणि कुणी नक्कल केली की मालक न्यायालयात धाव घेत. देवाची मूर्तीदेखील अशा रीतीने खाजगी मालमत्ता झाली.

अर्थशास्त्रात या व्यवहाराचे एक सुबोध स्पष्टीकरण आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे दाखवून दिले, की मालाचा खरा दर्जा जेथे केवळ विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. यावर बाजाराने शोधलेल्या उपायांपैकी दोन म्हणजे हमी आणि छाप. एकदा घेतलेला माल बरा निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा तीच छाप मागते; म्हणून कंपनीला छापेची अब्रू राखावी लागते. तात्पर्य, छाप म्हणजे उसना विश्वास. तो खोटाच असतो असे नाही. पण तो ज्ञानाची जागा घेतो, ज्ञान देत नाही. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

चित्राखालचे कापड नेहमीच चित्राइतके चोख नव्हते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात तेथील कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. हा कापूस आखूड धाग्याचा. त्याचे सूत मागावर टिकावे म्हणून भरपूर खळ द्यावी लागे आणि त्या खळीत चिनी माती मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले. कापड वजनदार लागे. पहिल्या धुण्यात माती निघून जाई आणि हाती जाळी उरे. ठाणाच्या लांबीतही लबाडी चाले. अखेर १८८९ साली सरकारला कायदा करून ठाणावर त्याची लांबी ठसवणे बंधनकारक करावे लागले. कृष्णाचे चित्र असूनही ठाणावर वाराचा आकडा सक्तीने घालावा लागला, यातच सर्व आले.

आता या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे. १८५३च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यांना येथील काळी जमीन हवी होती ती मुख्यतः कापसासाठी. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट यांसारख्या परदेशी पेढ्या वऱ्हाडच्या कापूसबाजारात उतरल्या. अशा पेढ्यांचा व्यापार दुहेरी होता. त्या येथून रुईच्या गासड्या नेत आणि विलायती कापडही या देशात आणून विकत. जाताना माल उघडाबोडका आणि परतताना सचित्र, असा तो प्रवास होता.

माल अगदीच निनावी जात नव्हता, हे खरे. परदेशच्या कापूसबाजारात वऱ्हाडी रुईला ‘उमरा’ म्हणत. हे नाव उमरावतीचे, म्हणजेच अमरावतीचे. एका गावाचे नाव जगाच्या बाजारात पोचले. पण ते पोचले आखूड धाग्याच्या, हलक्या प्रतीच्या मालाचे नाव म्हणून. ते शेतकऱ्याने ठेवले नव्हते आणि त्यामुळे त्याच्या पदरात दोन पैसे जास्तही पडत नव्हते. मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध १८६३ सालीच कायदा केला होता. म्हणजे कापूस पाठवणाऱ्यांवरचा अविश्वास कायद्याच्या पुस्तकात आधी शिरला आणि कापड विकणाऱ्याची लांबी मोजणारा कायदा तब्बल सव्वीस वर्षांनी आला! पुढे १९२५च्या कायद्याने प्रत्येक गासडीवर खूण आणि क्रमांक घालणे सक्तीचे झाले. पण ही खूण प्रेसची. कापूस कुणाच्या शिवारातला, हे गासडीवर कुठेच लिहिलेले नसे.

याचा अर्थ, या चित्रांचा तिरस्कार करावा असा मुळीच नाही. ज्या घरात दुसरे रंगीत चित्र येण्याचा संभव नव्हता, अशा अनेक घरांत ठाणावरचा कागद जपून सोडवला गेला, भिंतीला लागला, देव्हाऱ्यातही बसला. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला तो १८९४ साली. तेव्हापासून देवादिकांची स्वस्त चित्रे घरोघर पोचू लागली. तरी कापडाबरोबर फुकट येणाऱ्या चित्राचे आकर्षण कमी झाले नाही. स्वदेशीच्या चळवळीत देशी गिरण्यांनीही हीच युक्ती उचलली. त्यांच्या छापांवर भारतमाता आली, राष्ट्रपुरुष आले. सामान्य माणसाने या कागदांना मालकाने दिलेल्या अर्थापेक्षा मोठा अर्थ दिला, ही त्याच्या रसिकतेची साक्ष आहे. दोष चित्राचा नाही. प्रश्न एवढाच, की चित्र पाहणाऱ्याला चित्रामागचा माल तपासण्याचा अधिकार होता काय?

हा प्रश्न संग्रहालयात ठेवून देण्याजोगा जुना झालेला नाही. मृगाच्या तोंडावर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात डोकावावे. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे तोरणासारखी टांगलेली असतात. त्यांवर टपोरी, पांढरीशुभ्र फुटलेली बोंडे आणि हिरवेगार शेत. जोडीला एखादे रुबाबदार नाव. आजच्या छपाईची, आजच्या छायाचित्रणाची ही कला आहे आणि तिचे वंशनाते त्या हत्ती-वाघाच्या छापांशी अगदी सरळ आहे. फरक इतकाच, की त्या काळी वऱ्हाडचा माणूस छाप पाहून कापड घेत होता. आज तो छाप पाहून पूर्ण हंगामाचे नशीब विकत घेतो. ठाण खराब निघाले तर एक धोतर वाया जाई. बियाणे खराब निघाले तर वर्ष वाया जाते.

पाकिटावर दुसराही एक कागद असतो. त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. १९६६च्या बियाणे कायद्याप्रमाणे उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक, चाचणीची आणि मुदतीची तारीख छापावी लागते. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे, पायाभूत बियाण्याचे पांढरे आणि सत्यप्रत बियाण्याचे फिकट हिरवे. येथे रंगालाही अर्थ आहे. सत्यप्रत याचा अर्थ, दर्जाची जबाबदारी उत्पादकाने स्वतः घेतली आहे. सरकारी प्रमाणीकरण यंत्रणेने नव्हे. पण हे रंगांचे व्याकरण शेतकऱ्याला शिकवणार कोण? बोंडाचे चित्र हातभर आणि सत्य मुंगीच्या अक्षरात, अशी ही मांडणी आहे.

मांडणीमुळे होणारे नुकसान काल्पनिक नाही. बीटी कपाशीला देशात २००२ साली मान्यता मिळाली, तिच्या दुसऱ्या पिढीला २००६ साली. या दुसऱ्या पिढीचे एक मुख्य आश्वासन गुलाबी बोंडअळीपासून संरक्षणाचे होते. अळीने ते संरक्षण मोडून काढले आणि २०१७च्या हंगामात विदर्भातील कपाशीची जी दैना झाली, ती येथे कुणाला सांगावी लागणार नाही. अळी बदलली, पाकिटावरचे बोंड मात्र पूर्वीइतकेच निष्कलंक राहिले! किंमतही चढली. केंद्र सरकारने ठरवलेली पाकिटाची कमाल किंमत २०१६ साली ८०० रुपये होती, २०२५ साली ती ९०१ रुपये झाली.

मे २०२४च्या अखेरीस अकोल्यात एका विशिष्ट वाणासाठी शेतकऱ्यांनी भर उन्हात रांगा लावल्या आणि बंदोबस्ताला पोलीस आले. ‘दुसरी वाणे असताना हा हट्ट का?’ असे शहाणपण तेव्हा अनेकांनी शिकवले. पण तो हट्ट नव्हता. ज्याला बियाण्याच्या दर्जाची खात्री करून घेण्याचे दुसरे साधन नाही, तो शेजाऱ्याच्या शेतात पिकलेल्या छापेवरच विसंबणार. याच जिल्ह्यात अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे जून २०१९ मध्ये शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. त्या मागणीशी सहमत असावे वा नसावे, एक गोष्ट निश्चित. असे बियाणे चोरवाटेने विकले जाते तेव्हा त्याला पावती नसते, जबाबदार धनी नसतो. पाकिटावरील नावावर भरवसा ठेवता येत नाही. छापेमागची किमान जबाबदारीसुद्धा तेथे गळून पडते आणि फसल्यावर दाद मागायची कुणाकडे, हेच उरत नाही.

आता कापसालाही छाप मिळाली आहे. ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव आणि बोधचिन्ह केंद्र सरकारने ७ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर केले. गासडीवर क्यूआर संकेत लावायचा आणि तिचा माग पुढे कापडापर्यंत ठेवायचा, अशी योजना आहे. ‘उमरा’ या हिणवणाऱ्या नावानंतर दीडशे वर्षांनी भारतीय कापसाला सन्मानाचे नाव मिळत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हा माग जिनिंगपासून पुढचा आहे. जिनच्या फाटकाअलीकडचा माणूस, म्हणजे पेरणारा शेतकरी आणि वेचणीला वाकलेली मजूर बाई, त्या संकेतात दिसत नाही. १९२५ची प्रेसची खूण आणि आजचा क्यूआर संकेत यांत यंत्राचा फरक पडला. नात्याचा फरक अजून पडायचा आहे.

तो पाडता येतो, याचे एक लहानसे उदाहरण वऱ्हाडच्या सीमेपासून फार दूर नाही. पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसरजवळच्या पारडसिंगा गावी नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ चालवला आहे. तेथील स्त्रिया देशी कापसाच्या सुताच्या राख्या तयार करतात आणि त्या राखीत बी ठेवतात. सण झाला की ते बी मातीत पेरायचे. बाजाराच्या प्रचंड पसाऱ्यापुढे हा प्रयोग चिमूटभर आहे. त्याने वऱ्हाडचे अर्थकारण बदलणार नाही. पण तेथे चित्र आणि माल यांच्यातील पडदा नाहीसा झालेला आहे. जे शोभेचे, तेच पेरायचे. खरे-खोटे मातीच ठरवणार.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. वऱ्हाडात कापड मोठ्या प्रमाणावर तयार होईल, त्यावर लेबले लागतील, नामांकित संस्थांतून शिकलेले तरुण ती सजवतील. त्या लेबलावर कुणाचे नाव असावे, हे ठरवण्याची वेळ आताच आहे. मागण्या फार मोठ्या नाहीत. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती, मुदत आणि कोणत्या अळीपासून संरक्षण उरलेले नाही हे मराठीत आणि चित्राइतक्याच ठळक अक्षरांत छापले जावे. लॉट क्रमांकावरून नुकसानभरपाईचा मार्ग सरळ असावा. गासडीचा माग गावापर्यंत आणि शेतकरी गटापर्यंत मागे न्यावा आणि त्या नावामुळे बाजारात वाढणाऱ्या किमतीचा वाटा त्या गटाला मिळावा. आणि जिन-प्रेसच्या जुन्या खुणा, बियाण्यांची पाकिटे, ठाणांवरचे छाप यांचा संग्रह बेंगळुरूप्रमाणे अकोल्यातही व्हावा; म्हणजे पुढच्या पिढीला छाप नुसती पाहता येणार नाही, वाचताही येईल.

दीडशे वर्षे वऱ्हाडने कापूस दिला आणि चित्रे घेतली. चित्रे सुंदर होती, यात शंका नाही. आता त्या चित्राच्या कोपऱ्यात कापूस पिकवणाऱ्याची सही उमटली पाहिजे.