श्वानाचा घांस : मांसाचा कीं धान्याचा?



श्राद्धाच्या दिवशीं पंचबलींचीं पानें वाढतात, त्यांत एक पान कुत्र्याचें असतें. त्र्यंबकेश्वरीं हें केवळ पितृपंधरवड्यापुरतें नव्हे. गोदावरीच्या या उगमक्षेत्रीं पितरांच्या शांतीसाठीं बारा महिने यात्रेकरू येतात, आणि तेथील गल्लीबोळांतल्या कुत्र्यांनाही त्या घांसाची ओळख असते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत यमाच्या दोन श्वानांचें वर्णन आहे. ते सरमेचे पुत्र, चार डोळ्यांचे. पुढें श्याम व शबल या नांवांनीं त्यांना बलि देण्याची चाल पडली. त्या नांवानें आज घरोघर ठेवतात तो शिजलेला भात, मांस नव्हे.

तेव्हां कुत्र्यानें धान्य खावें कीं मांस, हा वाद जितका नवा वाटतो तितका तो नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, आतां कुत्रा अंगणांतून घरांत आला आहे. पूर्वी मिळालेल्या घांसाला तो आपल्या शिकारीची जोड देई. आतां मालक वाढील तेवढेंच त्याच्या पोटांत जातें. श्राद्धाचा एक घांस निराळा आणि आयुष्यभराचें पोषण निराळें.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला मांसच द्यावें, असें एक पक्ष म्हणतो. हें अर्धेंच सत्य आहे. एरिक ॲक्सेलसन या स्वीडिश संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १२ लांडग्यांचे व ६० कुत्र्यांचे आनुवंशिक घटक ताडून पाहिले. तो निबंध २०१३ सालीं 'नेचर' साप्ताहिकांत आला. पिष्ट पचविणारा जो स्वादुपिंडाचा रस, त्याच्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या खळ्याशीं व चुलीशीं राहतां राहतां कुत्र्याचें पोटही माणसाळलें. मांजराचें तसें झालें नाहीं. मांजराला टॉरिन नांवाचें द्रव्य आहारांतूनच मिळावें लागतें, आणि तें वनस्पतींत जवळजवळ नसतें; म्हणून मांजरीला वरणभातावर ठेवणें ही निव्वळ क्रूरता होय. कुत्रा सामान्यतः तें द्रव्य स्वतः तयार करतो.

ब्रह्मगिरीच्या आसपास, तसेंच हरसूल-पेठकडील पाड्यांवर नागलीची भाकरी हें नित्याचें अन्न आहे, आणि राखणीच्या कुत्र्यालाही तिचाच तुकडा मिळतो. नागलीच्या शंभर ग्रॅम धान्यांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदळांत दहाच्या आसपास. त्यांतलें सगळेंच अंगीं लागतें असें नव्हे, तरी नागलीला कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र आपला कुत्रा निव्वळ भाकरीवर जगतो, असें मालक सांगतो तेव्हां त्या कुत्र्याचें मतही विचारावयास हवें! बांधावरचे उंदीर आणि ओढ्यांतले खेकडे मालकाच्या हिशेबांत येत नाहींत.

खरी अडचण पडते ती गांवांतल्या निरामिष घरांत. समजा, एखाद्या उपाध्यायांच्या घरीं नातू पावसांत भिजलेलें पिल्लू घेऊन आला. दूधभात सुरू होतो. भात पुष्कळ, दूध नांवाला. पिल्लाचें पोट तेवढें सुटतें, अंग भरत नाहीं. अमेरिकेंतील पशुखाद्य-अधिकाऱ्यांच्या संघटनेनें वाढत्या पिल्लाच्या कोरड्या आहारांत प्रथिनांचें प्रमाण निदान साडेबावीस टक्के व प्रौढ कुत्र्याच्या आहारांत अठरा टक्के असावें, असें ठरविलें आहे. तांदळांत तें सात-आठच टक्के असतें. शिवाय 'ड' जीवनसत्त्व माणसाप्रमाणें उन्हांतून पुरेसें मिळविणें कुत्र्याला साधत नाहीं. तें अन्नांतूनच यावें लागतें. नातू म्हणतो, "आजी, याला अंडें द्यावें लागेल." आजी म्हणते, "दे बाबा, पण माझ्या चुलीवर नको हो. पडवींत निराळी शेगडी मांड." या आजीबाईंचा निर्णय शहाणपणाचा आहे. घरांत अंडेंही चालत नसेल, तर मऊ शिजविलेली डाळ, दही, पनीर यांवर भागवितां येतें. परंतु मग क्षार व जीवनसत्त्वें पशुवैद्याला विचारूनच पुरवावीं. अंदाजानें तें काम होत नाहीं.

आतां मांसप्रेमी मंडळींनींही फार हुरळून जाऊं नये. हाडाविना निव्वळ मांसांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असतें. अशा आहारावर वाढणाऱ्या पिल्लाचें शरीर रक्तांतली तूट भरून काढण्यासाठीं हाडांतलें कॅल्शियम ओढून घेतें. मग पाय वांकतात, आणि साध्या उडीनेंही हाड मोडतें. मालक म्हणतो, "रोज मटण घालतों, तरी असें कां?" मटणच घातलें, म्हणूनच! शिजविलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात. कच्च्या काळजा-फुप्फुसांतून कुत्र्याच्या पोटांत बारीक पट्टकृमि जातात, त्यांचीं अंडीं विष्ठेंतून बाहेर पडतात, आणि तीं माणसाच्या पोटांत गेलीं म्हणजे यकृतांत पाण्याच्या गांठी होतात. खाटकाच्या दुकानासमोरचा कुत्रा धष्टपुष्ट दिसतो खरा, पण त्याच्याशीं खेळणाऱ्या पोरांचे हात धुतलेले बरे.

तयार खाद्यांत 'धान्यविरहित' हा शब्द मोठ्या भूषणानें छापतात. २०१८ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें कुत्र्यांच्या एका हृद्रोगाची चौकशी आरंभिली; त्यांतील बहुतेक तक्रारी अशाच खाद्यांविषयींच्या होत्या, आणि त्यांत धान्याऐवजीं वाटाणा-मसूर भरपूर घातलेले होते. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाहीं. तथापि धान्य काढलें म्हणजे मांसच वाढलें, ही समजूत चुकीची, एवढें तरी त्यावरून कळलें. पुडक्यावरील चित्रापेक्षां, तें खाद्य संपूर्ण व समतोल आहे कीं नाहीं आणि कोणत्या वयासाठीं आहे, हा बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा.

यात्रेकरूंना एक विनंती. प्रसादाच्या शिऱ्यांतले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरूं शकतात. कांदाभजी त्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडते. नामदेवांच्या कथेंत कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. ती भक्तीची थोरवी. पण पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेस येणाऱ्यांनीं तूप बेतानेंच घालावें, कारण फार स्निग्धानें कुत्र्याचें स्वादुपिंड सुजतें. कोरडी भाकरी पाण्यांत कुसकरून दिली, तर तो ती आनंदानें खातो.

आणि घरच्या कुत्र्याचें अन्न बदलावयाचें ठरलें, तर तें एका दिवसांत बदलूं नये. पहिले दोन दिवस जुन्यांत नव्याचा चौथा हिस्सा मिसळावा, मग निम्मा, मग पाऊण. सात ते दहा दिवसांत बदल पुरा करावा. मध्यें जुलाब झाले, तर एक पायरी मागें यावें.