वंशावळीची खतावणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना एक दृश्य निश्चित आठवत असेल. काही वर्षांच्या अंतराने मारवाडातून किंवा गुजरातेतून वहीवंचा भाट अथवा कुलगुरू घरी येत. कापडात बांधलेली लांबट वही गादीवर उलगडली जाई, घरात झालेले नवे जन्म आणि विवाह तीत चढविले जात आणि मग पूर्वजांची नावे एका विशिष्ट लयीत वाचली जात. वाचनाच्या अखेरीस कुळाची कथा येई. मूळ पुरुष क्षत्रिय होता, आचार्यांच्या उपदेशाने त्याने हिंसेचा त्याग केला, नवकार मंत्र स्वीकारला आणि त्याच्या गावावरून अथवा नावावरून आपले गोत्र पडले. शिधा, वस्त्र आणि दक्षिणा घेऊन पाहुणे पुढच्या घरी जात. तेथेही पुष्कळदा हीच कथा निघे, फक्त गाव आणि आचार्य बदललेले असत.

घरातील एखादे चौकस मूल त्या वेळी विचारी, "हे केव्हा घडले? कोठे लिहिले आहे?" त्याला उत्तर मिळे, "मोठी माणसे खोटे सांगतील का?" प्रश्न तेथेच संपत असे. आज तीच मुले आजी-आजोबा झाली आहेत आणि त्यांची नातवंडे संगणकावर वंशवृक्ष मांडू लागली आहेत. जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा दाराशी आला आहे.

व्यापारी समाजाला या प्रश्नाची उकल आपल्याच पेढीवर सापडण्यासारखी आहे. पेढीवर रोजकीर्द असते आणि खतावणी असते. व्यवहार घडला त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरतो, खतावणीत तो नंतर नेला जातो. खतावणी वाचायला सोयीची खरी, परंतु तिच्यातील रकमेबद्दल शंका निघाली की रोजकीर्द पाहावी लागते आणि तेवढ्याने भागले नाही तर पावती. भाटाची वही ही कुळाची खतावणी होय. ती जीर्ण झाली की नव्या वहीत उतरविली जाते, आणि उतरविताना नाव गळते, दोन पिढ्यांची एक होते, क्वचित यजमानाच्या संतोषासाठी चार नावे वाढतातही. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. अलीकडच्या सात-आठ पिढ्यांच्या बाबतीत तिच्याइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच मिळेल. मात्र त्यामागच्या पिढ्यांसाठी पावती मागितली पाहिजे.

ओसवाल ज्ञातीच्या उत्पत्तीची कथा सर्वश्रुत आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ७० वर्षांनी रत्नप्रभसूरी उपकेशपुरात, म्हणजे आजच्या ओसियां येथे आले. सर्पदंशाने निश्चेष्ट पडलेल्या राजपुत्रास, काही पाठांनुसार राजाच्या जामातास, त्यांच्या प्रभावाने जीवदान मिळाले आणि राजासह नगराने जैन धर्म स्वीकारला. वीरनिर्वाण परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये झाले, तेव्हा ही घटना इसवी सनापूर्वी ४५७ ची ठरते. आता साधा हिशेब करावा. तेथपासून आजवर सुमारे २४८० वर्षे होतात. एका पिढीस ३० वर्षे धरली तरी ८० हून अधिक पिढ्या व्हाव्यात. कोणत्याही घराच्या वहीत मूळ पुरुषापासून २०-२५ नावे निघत असतील, तर तेरीज जुळत नाही हे उघड आहे.

आता पावतीकडे वळू. ओसियां येथील महावीर मंदिरात संवत् १०१३ चा, म्हणजे इसवी सन ९५६ चा शिलालेख आहे. प्रतिहार राजा वत्सराज याच्या काळी हे मंदिर होते असे त्यावरून कळते. वत्सराजाचा काळ कोणता, याचे उत्तर आपल्याच वाङ्मयात आहे. पुन्नाट संघाचे आचार्य जिनसेन यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये हरिवंशपुराण पूर्ण केले आणि त्यात समकालीन राजांचा उल्लेख करताना वत्सराजाचे नाव घेतले. एक नोंद श्वेतांबर मंदिरातील दगडावरची, दुसरी दिगंबर आचार्यांच्या ग्रंथातली, आणि दोन्ही एकमेकींशी जुळतात. पुराव्याला पुरावा मिळणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल. इसवी सनाच्या आठव्या शतकात ओसियां येथे जिनमंदिर होते, हे त्यामुळे भक्कमपणे म्हणता येते. त्याआधीच्या बाराशे वर्षांच्या मजकुरास अशी पावती नाही. रत्नप्रभसूरींची कथा यामुळे खोटी ठरत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम उचंत खात्यात राहते. उचंत खात्यातील रक्कम कोणी पुसून टाकत नाही आणि कोणी ती नफ्यातही धरत नाही.

हे तत्त्व पावणेचारशे वर्षांपूर्वी ज्याने आपल्याच कुळाला लावून दाखविले, असा एक व्यापारी जैन समाजात होऊन गेला. समयसार नाटकाचे कर्ते म्हणून कविवर बनारसीदास यांचे नाव दोन्ही संप्रदायांत आदराने घेतले जाते. त्यांनी संवत् १६९८ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४१ मध्ये आग्रा येथे 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून आपल्या ५५ वर्षांची ही अर्धी कथा, म्हणून हे नाव. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला.

ग्रंथारंभी बनारसीदास आपली कुलकथा देतात. ती तुमच्या-आमच्या घरातल्यासारखीच आहे. रोहतकजवळ बिहोली नावाचे गाव होते, तेथे राजवंशी राजपूत राहत. गुरूंच्या उपदेशाने ते जैन झाले, त्यांनी नवकार मंत्राची माळ धारण केली, श्रीमाळ कुळ मिळविले आणि गावावरून बिहोलिया गोत्र पडले. येथवर परंपरा जशी ऐकली तशी त्यांनी दिली आहे. यापुढे ते जे करतात ते फार मोलाचे आहे. वंशावळ पुष्कळ मोठी झाली, ती कोठवर सांगावी, एवढेच म्हणून ते मधल्या सर्व पिढ्या सोडून देतात. मग रोहतकमध्ये गांगा आणि गोसल असे दोघे झाल्याचे सांगतात. त्या दोघांच्या कुळात वस्ता, ऊर्फ वस्तुपाल झाला म्हणतात, पण तो दोघांपैकी कोणाचा मुलगा हे लिहीत नाहीत. तेथून मात्र ओळ अखंड आहे. वस्तुपालाचा जेठमल, जेठमलाचा जिनदास, जिनदासाचा मूलदास. मूलदास हे आजोबा, ते माळव्यात एका मोगल अंमलदाराचे मोदी होते. त्यांच्यापासून पुढे वर्णनात संवत् आणि मिती येऊ लागतात. जे कुळ स्वतःस राजवंशी म्हणविते त्या कुळातील विद्वान कवीस मधली चाळीस नावे रचणे अवघड नव्हते. छंद तर त्यांच्या हातचाच होता. त्यांनी रिकामी जागा रिकामी ठेवली.

याहून धाडसाची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या नावाची आहे. जन्माच्या वेळी त्यांचे नाव विक्रमाजीत ठेवले होते. बाळाला घेऊन वडील खरगसेन काशीस पार्श्वनाथाच्या दर्शनास गेले. तेथील पुजाऱ्याने घटकाभर ध्यान लावले आणि पार्श्वप्रभूंच्या यक्षाने आपल्यास दर्शन दिल्याचे सांगितले. प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव ठेवल्यास मुलगा दीर्घायुषी होईल, असे तो म्हणाला. भाविक पित्याने मुलाचे नाव बनारसी ठेवले. एखाद्या घरात अशी कथा असती तर ती पिढ्यान् पिढ्या अभिमानाने सांगितली गेली असती. बनारसीदास मात्र पुजाऱ्याचे ते ध्यान खोटे होते आणि ते मौन कपटाचे होते असे स्वच्छ लिहून ठेवतात. वडिलांबद्दल एकही उणा शब्द नाही आणि प्रभूंवरील श्रद्धेला बाध नाही. नावही त्यांनी बदलले नाही. कथा ठेवली आणि तिच्यापुढे खरा शेरा मारला.

त्यांच्या हिशेबातही एक जागा रिती आहे. व्यापारात सर्वस्व गमावून ते खैराबादेस सासरी गेले तेव्हा पत्नीने जपून ठेवलेले २० रुपये त्यांच्या हाती दिले आणि आईच्या कानी गोष्ट घालून आणखी २०० रुपये मिळवून दिले. दोन्ही आकडे नोंदले आहेत, त्या माउलीचे नाव नोंदलेले नाही. आपल्या दिवाणखान्यांतील वंशवृक्षांचीही हीच तऱ्हा आहे. फांद्यांवर पुरुषांची नावे असतात, लेकी आणि सुना कोठेच नसतात.

नवल असे की, ज्यांना आपण जुनाट समजतो ते मूर्तिलेख या बाबतीत अधिक उदार आहेत. पंचधातूच्या लहान प्रतिमेची मागची बाजू पाहावी. तेथे संवत्, महिना, तिथी आणि वार असतो, मग ज्ञाती आणि बहुधा गोत्र येते. पुढे श्रेष्ठीचे नाव, त्याच्या भार्येचे नाव, मुलांची नावे, कोणाच्या श्रेयार्थ बिंब भरविले हे आणि शेवटी प्रतिष्ठा करणारे आचार्य. पाचशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी माता केवळ या दोन-तीन ओळींमुळे नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत. पूरणचंद नाहर यांनी असे लेख गोळा करून 'जैन लेख संग्रह' तीन खंडांत १९१८ ते १९२९ या काळात प्रसिद्ध केला. दिगंबर परंपरेसाठी डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा १९५८ मध्ये सोलापुरात प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहावा. विदर्भातील मंदिरांचे अनेक लेख त्यात आहेत.

हे लेख वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. गुजरात-राजस्थानचे लेख विक्रम संवताचे, दक्षिणेत मात्र शके. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे. नुसता आकडा वाचून शकाला संवत् समजले की घराणे १३५ वर्षांनी जुने होते आणि घरातील मंडळी हरखून जातात. आकड्यापूर्वीचा शब्द आधी वाचावा. संवतातून साधारण ५७ वजा करावेत, शकात ७८ मिळवावेत. गुजरातेत संवत् कार्तिकात आणि राजस्थानात चैत्रात बदलतो, त्यामुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो.

आता महाराष्ट्रात येण्याच्या कथेकडे वळू. लोटा आणि दोरी घेऊन पूर्वज मारवाडातून पायी निघाले, ही कथा बहुतेक घरांत आहे. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे संवत् १९५६ मध्ये (इसवी सन १८९९-१९००) ते आले, असेही सांगतात. काही घरांच्या बाबतीत ते खरे असेल. परंतु १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाला तेव्हा मारवाडी आणि गुजर सावकार खेडोपाडी स्थिरावलेले होते. शिवाय दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला होता. तेव्हा छप्पनियात आलेला पूर्वज सारी वाट पायीच का आला, हे विचारण्यासारखे आहे. कदाचित भाड्याचे पैसे नसतील. कदाचित पायी येणारा पूर्वज दोन पिढ्या आधीचा असेल आणि दोन माणसांची कथा एकावर चढली असेल. असे कौटुंबिक कथांत फार वेळा होते.

त्या १८७५ च्या उठावाबद्दल आपल्या घरांत मौन असते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे त्याची सुरुवात झाली. लोकांना मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या हव्या होत्या, आणि त्या त्यांनी जाळल्या. सरकारने आयोग नेमला, त्याच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पूर्वज किती दानशूर होते हे आपण सांगतो, त्यांनी व्याज काय दराने घेतले हे सांगत नाही. ज्याला कुळाचा शोध घ्यायचा आहे त्याने त्या आयोगाचा अहवालही उघडावा. 'आमच्या वह्या दंगलीत जळाल्या' असे ज्या घरांत म्हणतात त्यांनी आपले गाव त्यात आहे का ते पाहावे. वह्या जळाल्या असतील किंवा त्या रद्दीतही गेल्या असतील.

कारण रद्दीचा मार्ग आजही चालू आहे. जुन्या वह्या महाजनी मुडिया लिपीत आहेत, काही मोडीत आहेत. मुडियात काना-मात्रा बहुधा नसतात, म्हणून ती लिहिणाऱ्यालाच वाचता येते असा विनोद होता. ती वाचणारे आता थोडे उरले आहेत. माळ्यावरची पेटी उघडली की 'कोणाला कळते हे?' म्हणून ती रिकामी केली जाते. तीच आपली रोजकीर्द. कोणत्या वर्षी दुकान कोणत्या गावी होते, मुनीम कोण होता, मुलीच्या लग्नात काय खर्च झाला, कोणाच्या नावे धर्मादाय काढला, हे सर्व त्या पानांत तारीखवार आहे.

स्वतः ट्रस्टच्या दप्तरातही असा ऐवज असतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये आला. तेव्हापासून नोंदणीच्या वेळचे विश्वस्त आणि त्यानंतरचे बदल अर्ज धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदले जातात. कोणाचे आजोबा केव्हा विश्वस्त झाले आणि केव्हा निवृत्त झाले, याबद्दल घरात वाद असेल तर तो तेथे तासाभरात मिटतो.

येत्या दिवाळीला वहीपूजन होईल तेव्हा मागील वह्या रद्दीत देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. ऐंशीच्या पुढच्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, त्यांच्या माहेरची आणि सासूच्या माहेरची नावे विचारून लिहून घ्यावीत. लिहिताना कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हे बाजूस नोंदवावे. मंदिरातील धातूप्रतिमांवरील लेख विश्वस्तांच्या आणि गुरुमहाराजांच्या अनुमतीने, पक्षालाच्या वेळेस उतरवून घेता येतील. अक्षरे दिसावीत म्हणून प्रतिमा चिंचेने किंवा राखेने घासू नये, त्याने अक्षरे झिजतात. अंधारात एका बाजूने तिरपा प्रकाश धरला की झिजलेले अक्षरही उठून दिसते. जे वाचता आले नाही तेथे टिंबे द्यावीत.